माझे चुंबक परगावी गेले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे, पण मला पाहायला स्टेशनावर जाऊ नका. माझी लांबी जेमतेम वीतभर. रंग गर्द हिरवा, धुराडे काळे, आणि पोटात विजेवर चालणारी इवलीशी मोटार. कारखान्यातल्या एका बाईने माझ्या फिरकीवर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळली, कुणीतरी फिरकीभोवती चुंबक बसवले आणि मी खोक्यात बसून एका घरी आलो.

त्या घरात दोन भावंडे होती. ताई अकरा वर्षांची, धाकटा सहाचा. ताई मोठ्या तापातून नुकतीच उठली होती, म्हणून वडिलांनी मला आणले. तिने त्याच दिवशी नेमणुका करून टाकल्या.

"मी ड्रायव्हर, तू गार्ड. गार्डसाहेब, शिट्टी मारा!"

धाकट्याचे पुढचे दोन दात पडलेले. शिट्टीऐवजी नुसता वारा निघाला. ताई गंभीरपणे म्हणाली, "ऐकू आली. सुटली गाडी."

किती पळालो मी त्या वर्षांत! पलंगाखालून, वडिलांच्या चपलांना वळसा घालून, पाच डबे ओढत. फिरकीला वीज पोचवणारे कोळशाचे दोन छोटे तुकडे असतात, त्यांना कारागीर 'कार्बन' म्हणतात. माझे कार्बन पळून पळून निम्मे झिजले, तरी मला त्याचे काही वाटले नाही.

ताई लग्न होऊन निघाली तेव्हा धाकट्याला म्हणाली, "याला सांभाळ रे."

त्याने सांभाळले. काचेच्या कपाटात ठेवले, दर रविवारी मऊ फडक्याने पुसले. पाहुणे विचारायचे, "चालतं का हो?"

"चालतं तर! पण चालवत नाही. झिजेल."

त्याची बायको आतून म्हणायची, "माझं एवढं पुसणं झालं असतं, तर मीही अशीच चकाकले असते!" सगळे हसायचे. कौतुक पुष्कळ झाले. पण चाळीस वर्षांत एक फेरी झाली नाही, आणि माझ्या पोटातल्या तेलाचा हळूहळू डिंक झाला.

मग ताई भावाकडे राहायला आली. ती एकटी पडली होती आणि विसरू लागली होती. आधी किल्ल्या हरवल्या, मग वार, मग माणसे. एका सकाळी ती धाकट्याला म्हणाली, "डॉक्टर, माझा धाकटा भाऊ येणार आहे. त्याला बाहेर ताटकळत ठेवू नका हं."

"नाही ठेवणार," तो हसून म्हणाला. मग मोरीत गेला. नळ बराच वेळ वाहत होता.

त्याच दुपारी त्याने मला कपाटातून काढले. "हिच्यासमोर गाडी धावली ना, की ओळखेल मला," तो बायकोला म्हणाला.

"अहो, मग आधी कुणा जाणत्याला दाखवा."

"त्यात काय दाखवायचंय? जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय मी."

रुळांवर मी नुसता थरथरलो. त्याने मला उघडले, फिरकी बाहेर काढली, रॉकेलने स्वच्छ केली आणि वाटीत ठेवली. नवे कार्बन यायला आठ दिवस लागले. तेवढे दिवस माझे चुंबक वर्तमानपत्रावर उघडे पडून होते. सगळे पुन्हा जोडल्यावर मी गुरगुरलो, तापलो, पण एक डबा ओढवेना.

शेवटी तो मला मोटार दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेला. त्याच्या दुकानात पंखे आणि मिक्सर उघडे पडले होते. कारागिराने माझ्या चुंबकाला एक खिळा लावून पाहिला. खिळा गळून पडला.

"काका, फिरकी काढल्यावर चुंबकाच्या दोन टोकांवर लोखंडाची पट्टी ठेवली होती?"

"पट्टी? नाही बुवा."

"मग ओसरली याची ताकद. ही जुनी चुंबकं उघडी ठेवायची नसतात. किती वेळ होतं तसं?"

"आठ दिवस."

कारागीर मान खाली घालून स्क्रू गोळा करू लागला. "ताकद परत भरता येते," तो म्हणाला. "पण परगावी पाठवावं लागेल. तीन आठवडे धरा."

चुंबक गेले. मी रिकाम्या पोटाने घरी येऊन टेबलावर बसलो. अकराव्या दिवशी दुपारी ताईने मला सहज उचलले. चाके बोटाने फिरवली. मग शेंगा सोलत बसलेल्या भावाकडे पाहिले.

"गार्डसाहेब, सिग्नल पडलाय. किती खोळंबायचं?"

शेंगा खाली सांडल्या. "ताई... अगं, मोटार दुरुस्तीला गेलीय."

"तू उघडलीस?"

"हो. चुकलंच माझं. अगं, त्यात कसं असतं, फिरकी काढली की चुंबकाची ताकद..." आणि तो समजावून सांगू लागला. पट्टी, खिळा, परगाव, तीन आठवडे. ताई मान डोलवत राहिली. मास्तरांचे स्पष्टीकरण संपले तेव्हा तिचे डोळे खिडकीकडे लागले होते.

"डॉक्टर," ती म्हणाली, "चहा मिळेल का?"

चुंबक सांगितल्या दिवशी परत आले. आता मी पाचही डबे ओढतो, पूर्वीपेक्षा जोरात. ताई टाळ्या वाजवते. "छान आहे हो, डॉक्टर. तुमच्या मुलाची का?"

मित्रांनो, तिला माझी मोटार लागलीच नव्हती. त्याने मला नुसते तिच्या हातात दिले असते तरी पुरे होते, आणि ते त्याला चाळीस वर्षांत कधीही जमले असते. तुमच्या घरीही काचेमागे काहीतरी जपलेले असेल. ते उघडण्याआधी जाणत्याला जरूर विचारा. पण त्याच्याही आधी, ते ज्यांचे आहे त्यांच्या हातात द्या, मोडके असले तरी. आणि त्यांनी तुम्हाला हाक मारली, तर दुसरे काही सांगत बसू नका. एवढेच म्हणा, "हो, मीच."