थोरलीला तेल कोणी घातले

माझे आणि माझ्या व्याह्यांचे जाहीर मतभेद आहेत आणि ते अत्यंत आदराने चालवले जातात. मधे मुलीचा संसार असल्यामुळे दुसरा मार्ग नाही. मी निवृत्त बॉयलर-निरीक्षक आहे, ते निवृत्त इंजिन-ड्रायव्हर आहेत, आणि आमच्या दोघांच्या मधे एक वाफेचे इंजिन उभे आहे.

हे इंजिन जुन्या रेल्वे-कारखान्याच्या शेवटच्या शेडमध्ये आहे. एकाच नमुन्याची दोन होती. त्यांतली धाकटी भंगारात गेली आणि थोरली कोणाच्या लक्षात न राहिल्यामुळे वाचली. पुढे कारखाना बंद झाला, शेडचे संग्रहालय झाले आणि संग्रहालय म्हटले की समिती आलीच. त्या समितीपुढे पहिल्या बैठकीपासून एकच प्रश्न आहे: थोरली पुन्हा चालती करायची, की आहे तशी जपून ठेवायची?

व्याही चालवण्याच्या बाजूचे. ड्रायव्हर म्हणून पहिल्यांदा त्यांच्या हाती आले ते हेच इंजिन, आणि निदान एकदा तरी तिचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारा दांडा, पुन्हा आपल्या हाताने उघडावा, एवढी एकच इच्छा उरल्याचे ते उघडपणे सांगतात. उभ्या इंजिनाला इंजिन म्हणायचे असेल, तर खुंटीवरच्या कोटालाही माणूस म्हणावे लागेल, असे त्यांचे मत आहे.

मी जपण्याच्या बाजूचा. ज्या बॉयलरचे वय मला ठाऊक आहे पण अंतरंग ठाऊक नाही, त्याच्या पोटात आग पेटवायला मी संमती देणार नाही. शिवाय त्या आगीसमोर उभे राहणार कोण, तर माझ्या नातीचे आजोबा. बॉयलर दुरुस्त करायचा म्हटला तरी निम्मा पत्रा नवा घालावा लागेल, आणि मग उरेल तिला थोरली कशी म्हणायची, हा माझा दुसरा मुद्दा. तो मी प्रथम मांडला तेव्हा व्याह्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"व्याहीबुवा, माझे दात नवे, गुडघा नवा, डोळ्यांतलं भिंग नवं. तरी तुमच्या विहीणबाईंनी मला परका पुरुष म्हणून घराबाहेर काढलेलं नाही."

सगळी समिती हसली. मीही हसलो, कारण व्याह्यांच्या विनोदाला हसणे हे नात्यात बसते. मत मात्र बदलले नाही.

त्यांची एक विनंती मी वर्षानुवर्षे टाळत आलो होतो. बॉयलरच्या आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे शेकडो जाड दांडे असतात, त्यांना स्टे म्हणतात. प्रत्येक स्टेवर लहान हातोडा हलकेच मारून कान द्यायचा. धडधाकट असला तर खणकन बोलतो, तुटलेला असला तर बद्द वाजतो. "एकदा वाजवून तरी बघा," असे व्याही म्हणत. त्यावर आधी साफसफाई, मग उजेडाची सोय, मग हवामान, अशी माझी उत्तरे ठरलेली होती. वाजवले की उत्तर मिळते, आणि ते उत्तर 'खणकन' आले तर मी व्याह्यांना कोणत्या तोंडाने अडवणार होतो?

असे सगळे सुरळीत चालले असताना नगरपालिकेचा प्रस्ताव आला. थोरली मुख्य चौकात काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसवायची, भोवती फुलझाडे लावायची, रात्री रंगीत दिवे सोडायचे. प्रस्ताव घेऊन एक तरुण वास्तुविशारद आला. मुलगा अतिशय नम्र. त्याने पुठ्ठ्याचा नमुना आणला होता आणि इंजिनाच्या धुराड्यातून कापूस बाहेर काढला होता. चाके रुळांना कायमची वेल्ड केली जातील, म्हणजे सुरक्षिततेचा प्रश्न उरणार नाही, असे त्याने समजावून सांगितले.

वेल्ड हा शब्द ऐकून व्याही उठले आणि कोणाचाही निरोप न घेता घरी गेले. त्यांच्या बाबतीत असे पूर्वी कधी घडले नव्हते. ते उठतात तेव्हा निरोप घेण्यातच अर्धी बैठक जाते.

समितीत प्रस्तावाच्या बाजूने तिघे आणि विरुद्ध तिघे होते. सातवे मत माझे. दोन-तीन दिवसांनी मुलीचा फोन आला. सासरे जेवताना पानावरून अर्धवट उठतात, नातीशीही बोलत नाहीत, आणि खिडकीपाशी बसून उजवा हात उगाच पुढे-मागे करत राहतात, असे तिने सांगितले.

"बाबा, एक मत त्यांच्या बाजूनं दिलंत तर तुमचा बॉयलर फुटणार आहे का?"

मी तिला सांगितले की हा तत्त्वाचा प्रश्न आहे, कारण चौथऱ्यावर थोरली जपली तरी जाईल आणि व्याहीही जपले जातील. ती म्हणाली की मग तुमच्या तत्त्वाला इकडे राहायला पाठवा, आम्ही त्याला जेवायला वाढतो. तिने फोन ठेवला.

येथे एक खासगी बाब सांगणे क्रमप्राप्त आहे. थोरली चालू नये असे माझे मत असले, तरी कोरडे बेअरिंग मला पाहवत नाही. दर मंगळवारी समितीतले कोणी नसताना मी तेलाची झारी घेऊन शेडमध्ये जात असे. आसांच्या पेट्या, पिस्टनचे दांडे, लिव्हरचे सांधे, सगळीकडे तेल घालत असे. जपणूक म्हणजे गंज न चढू देणे, म्हणून यात तत्त्वाला बाधा येत नव्हती.

परंतु एक गोष्ट मला चक्रावून टाकत होती. पेट्यांतले तेल कमी होत नसे. आतल्या वातीवाटे ते हळूहळू आसावर झिरपून जायला हवे, तसे दिसेना. उलट कधी कधी मी सोडले होते त्याहून पातळी किंचित वरच असे. मी पुष्कळ विचार केला. शेडच्या जाड भिंती, तपमानातला अल्प फरक आणि जुन्या तेलाचा घट्टपणा यांचा मेळ घालून मी एक उपपत्ती तयार केली आणि ती घरी सविस्तर ऐकवली. पत्नी शर्टाच्या बाहीवरचे तेलाचे डाग घासत होती.

"अहो, दुसरं कोणीतरी घालत असेल."

मी तिला शांतपणे समजावले की शेडची दुसरी किल्ली फक्त व्याह्यांकडे आहे, आणि व्याह्यांनी काही गुपचूप केल्याचे उदाहरण नाही. ते शिंकले तरी समितीला कळते. तिने शर्ट उलटा केला आणि दुसरी बाही घासायला घेतली.

मतदानाची बैठक शेडमध्येच, थोरलीच्या शेजारी खुर्च्या मांडून घेण्यात आली. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. कोणी लांबण लावली की त्या हातातली घंटा वाजवतात. उजेडासाठी शेडचे मोठे दार उघडे ठेवले होते. बाहेर रूळ थोडे पुढे जाऊन कुंपणाशी संपतात आणि तेथे झाडाची सावली असते. त्या सावलीत, बरोबर रुळांवर, वास्तुविशारदाने आपली नवी कोरी मोटार उभी केली होती. व्याही आले होते, परंतु कोपऱ्यात बसले होते आणि त्यांनी चहा नाकारला होता.

वास्तुविशारदाने सकाळीच येऊन चौथऱ्यासाठी चाकांची मापे घेतली होती. माप नीट बसावे म्हणून त्याने चाकांखालचे लाकडी ठोकळे काढून बाजूला रचून ठेवले होते. हातब्रेकचा प्रश्नच नव्हता, कारण ब्रेकचे सगळे भाग संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात माहितीफलकासह मांडलेले आहेत. आता राहिला उतार. पूर्वी इंजिने हाताने ढकलून बाहेर काढता यावीत म्हणून त्या शेडचे रूळ दाराकडे किंचित उतरते ठेवलेले आहेत. हे मला ठाऊक होते, व्याह्यांना ठाऊक होते, आणि आम्ही दोघेही आपापल्या कागदांत डोके घालून बसलो होतो.

क्रेन किती लागतील, असे अध्यक्षबाईंनी विचारले. दोन मोठ्या लागतील, असे वास्तुविशारद म्हणाला, कारण इतक्या वर्षांत हे धूड जागच्या जागी घट्ट बसलेले आहे. सप्रमाण दाखवावे म्हणून त्याने थोरलीला खांदा लावला आणि हसत हसत ढकलले. त्याच्या ढकलण्याने काही झाले असेल असे मला वाटत नाही, हिशेबात ते बसत नाही. पण थोरली निघाली.

प्रथम कोणाला कळलेच नाही, इतकी ती आवाज न करता निघाली. मग सिलिंडरच्या उघड्या कॉकमधून, म्हणजे खालच्या लहान तोट्यांतून, हवेचा एक लांब सुस्कारा आला, त्यामागून दुसरा. अध्यक्षबाईंनी सवयीने घंटा वाजवली. वास्तुविशारद "माझी गाडी" एवढेच म्हणाला आणि ते दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. नव्या गुडघ्याचा माणूस चालत्या इंजिनावर इतक्या सहज चढू शकतो हे मला कोणी सांगितले असते तर मी मानले नसते. व्याह्यांनी कॅबमध्ये शिरून दिशा उलटवण्याची मोठी लिव्हर पुढून पार मागे खेचली. ती लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मग त्यांनी खिडकीतून डोके बाहेर काढले आणि मला शोधले.

"व्याहीबुवा, तसदी माफ करा. या बाजूचे कॉक तेवढे बंद कराल का?"

"अवश्य," मी म्हणालो आणि इंजिनाबरोबर चालू लागलो.

त्यांचा विचार मला तत्काळ उमगला होता. लिव्हर उलटी असली आणि कॉक बंद असले, की चाके पिस्टनना पंप बनवतात. बाहेर जायला वाट नसलेली हवा आत दाबली जाते आणि तीच चाकांना अडवते. अर्थात पिस्टन आणि झडपा गच्च बसत असतील तरच. इतकी वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात त्या बसू नयेत. मी वाकून पुढचा कॉक फिरवला, मग मागचा. दोन्ही बोटाने फिरले. लगेच सुस्काऱ्याच्या जागी एक जड घुसमट ऐकू आली, नंतर आणखी एक, आणि थोरली दमलेल्या माणसासारखी सावकाश होत गेली. मोटारीच्या दिव्यांपासून हातभर अंतरावर ती थांबली. मी धावत जाऊन ठोकळे आणले आणि चाकांखाली सारले.

वास्तुविशारद मोटारीला पाठ लावून उभा होता. अध्यक्षबाई रुळांवरून जपून चालत आल्या. लिव्हरच्या सांध्यातून एक थेंब त्यांच्या चपलेवर पडला. त्यांनी तो बोटावर घेऊन पाहिला.

"ह्याला तेल कोणी घातलं?"

"मी," मी म्हणालो. वर कॅबमधून त्याच क्षणी व्याहीही "मी" म्हणाले.

चौकशीत निष्पन्न झाले की ते दर शुक्रवारी येत. तेल संपत नाही हे त्यांच्याही लक्षात आले होते, आणि थोरलीची प्रकृतीच तशी खानदानी आहे असा त्यांनी अर्थ लावला होता. माझ्या उपपत्तीविषयी मी तेथे काही बोललो नाही.

"तुम्ही?" व्याही मला म्हणाले. "तुम्हाला तर ही चालायला नको होती."

"चालायला नकोच आहे. पण गंजायलाही नको."

व्याह्यांनी कॅबमधली एक झडप उघडून कोंडलेली हवा सोडून दिली. ती इतक्या जोराने फुसकारली की माझा चष्मा धूसर झाला. चष्मा पुसता पुसता मला जे सुचले ते फार आधी सुचायला हवे होते. पिस्टन हवा इतकी धरून ठेवत असतील, तर त्यांना हवाच द्यावी. आग नको, पाणी नको, बॉयलरला स्पर्श नको. रस्ते फोडणाऱ्यांकडे असतो तसा कॉम्प्रेसर जोडायचा, त्याची नळी बॉयलर वगळून थेट रेग्युलेटरला जोडायची, आणि ड्रायव्हरने रेग्युलेटर उघडायचा. माझा आक्षेप बॉयलरला होता, चाकांना नव्हता. मी हा प्रस्ताव तेथेच, रुळांत उभा राहून मांडला. चौथऱ्याच्या विरुद्ध माझे मत पडले, आणि वास्तुविशारदानेही हात वर केला. त्याला मत नाही हे अध्यक्षबाईंनी घंटा वाजवून त्याच्या लक्षात आणून दिले.

व्याह्यांना हवेची कल्पना पसंत नव्हती. हवेवर फुगा चालतो, असे ते म्हणाले. परंतु त्या रात्री ते पोटभर जेवल्याचे मुलीने कळवले.

कॉम्प्रेसर आला त्या दिवशी व्याही इस्त्री केलेला जुना निळा कोट घालून आले. नळी आम्ही दोघांनी मिळून जोडली. ते वर चढले, मीही चढलो. त्यांनी हात कोटाला पुसले, रेग्युलेटर धरला आणि अगदी थोडा उघडला. थोरली कुंपणापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. खाली उभी असलेली नात टाळ्या वाजवत होती. व्याह्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिले नाही. ते समोर रुळांकडे पाहत होते.

थांबल्यावर त्यांचा हात रेग्युलेटरवरच राहिला.

"कशी वाटली?" मी विचारले.

"सर्दी झाल्यासारखी बोलते," ते म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "हातोडा आणलाय का, व्याहीबुवा?"

हातोडा पिशवीत होता. मी कोट काढून खिळ्याला अडकवला, कान साफ केले आणि कॉम्प्रेसर बंद करा म्हणून खाली ओरडून सांगितले.