मोकळी वाळू

आयोवातली थंडी उणे तिसाला टेकली त्या सकाळी मारिट हॉगन पुलाखाली उभी होती. पूल तिचा होता, तिनं आखलेला पहिलाच. ताणलेल्या पोलादी तारांचे काँक्रीटचे गर्डर दोन्ही टोकांच्या भिंतींत ओतून एकजीव केलेले, कुठं सांधा नाही की फट नाही. असा पूल थंडीत आखडतो तेव्हा भिंतींनाही आत ओढतो, आणि भिंतींखालच्या पोलादी खांबांना वाकावं लागतं. वाकायला जागा हवी, म्हणून खांबांभोवतीच्या खड्ड्यांत तिनं मोकळी वाळू भरायला सांगितली होती.

पण गर्डर भिंतीत शिरतो तिथून एक तिरकी भेग निघाली होती. काल ती केसाएवढी होती, आज तिच्यात नाणं जात होतं. आपल्या आकडेमोडीत काय चुकलं ते काही केल्या तिला सापडेना.

तिचे वडील ऑर्विल कॉफीचा थर्मास घेऊन घसरत खाली आले. जन्मभर पुलांवर मुकादमी केलेला गडी. हा त्यांचा शेवटचा पूल.

"तोंड का पडलंय? माझ्या पुलाला काय धाड भरलीय?"

"बाबा, खांब वाकत नाहीयेत."

"वाकतील कसे?" ते खुशीत हसले. "तू आजारी होतीस ना, तेव्हा वाळू टाकायची होती. म्हटलं, पोरीचा पहिला पूल, आणि खाली भुसभुशीत वाळू? खड्ड्यांत काँक्रीट ओतलं गळ्यापर्यंत. माझ्यातर्फे भेट. गाववाल्यांना सांगून ठेवलंय, मी बांधलाय, तुमच्या नातवंडांनाही पुरेल."

त्यांच्यावर ओरडावं की रडावं तेच मारिटला कळेना.

"बाबा, त्याला हलूच दिलं नाहीत तुम्ही. आता तो स्वतःलाच फाडतोय."

तेवढ्यात भिंतीच्या आत बंदुकीसारखा आवाज झाला. मूठभर काँक्रीट बर्फावर पडलं. ऑर्विलचं हसू जागच्या जागी विरलं. असा आवाज त्यांनी कुठल्याच पुलाखाली ऐकला नव्हता.

वर रस्त्यावर शाळेची पिवळी बस वळण घेत होती.

मारिट उतार चढायला धावली, पण बर्फावर तिचा पाय सटकला. म्हातारा तिच्या आधी वर पोचला आणि हात पसरून थेट बसपुढे उभा राहिला. ब्रेक किंचाळले. बस पुलाच्या तोंडाशी थांबली, आत पोरांचा गलका झाला.

ड्रायव्हर बेव्हनं खिडकी उघडली. "ऑर्विल, डोकंबिकं फिरलं का? बाजूला हो! साऱ्या गावाला तूच सांगत फिरतोस ना, की हा पूल तू बांधलायस?"

मागं मारिट धापा टाकत उभी होती. ऑर्विलनी तिच्याकडं पाहिलं नाही.

"हो, मी बांधलाय," ते म्हणाले. "म्हणूनच सांगतोय. बस मागं घे."