चौदा नंबर लागला नाही

आमच्या चर्चमधली बाळांची खोली मी सांभाळते. म्हणजे सांभाळतो आम्ही दोघी, मी आणि बेकरीवाल्या वहिनी, पण आवाज माझा चालतो. आठवडाभर शाळेच्या ऑफिसात कारकुनी करते. तिथेही माझाच आवाज चालतो असं मुख्याध्यापक म्हणतात. ते कौतुक की तक्रार, हे मी कधी विचारलेलं नाही.

खोलीचा नियम माझाच. मूल ताब्यात घेतलं की त्याच्या पाठीवर नंबर चिकटवायचा आणि तोच नंबर आईच्या हातात द्यायचा. मूल रडायला लागलं की घड्याळ बघायचं. दहा मिनिटांत शांत झालं नाही तर मी भिंतीवरच्या बटणांच्या डबीवर त्याचा नंबर दाबते, मग हिरवं बटण, आणि तिकडे उपासना चालू असते तिथे वेदीशेजारच्या फलकावर तो नंबर लाल अक्षरांत लागतो. आईने उठून यायचं. अकरावं मिनिट नाही. एकदा एका बाळाला मी ‘होईल गं शांत’ करत पाऊण तास रडू दिलं होतं आणि त्याचा कान ठणकत होता. त्याची आई मला चकार शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून नियम म्हणजे नियम.

या नियमाचा सगळ्यात जास्त जाच झाला तो चौदा नंबरला. चौदा नंबर म्हणजे वर्षाची एक मुलगी, गोरीगोमटी, गालाला खळी, आणि घसा असा की वहिनींनी तिचं नाव ‘भोंगा’ ठेवलं. तिची आई हॉस्पिटलात नर्स, आम्ही सगळे तिला सिस्टरच म्हणतो. बाळंतपणानंतर ही बाई स्वतःच्याच वॉर्डात चार महिने पडून होती. डॉक्टरांनीसुद्धा हात टेकले होते. तेव्हा तिने देवाला शब्द दिला की यातून उठले तर सगळ्या मंडळीसमोर उभी राहून तुझे आभार मानीन. उठली. पण आभार काही मानता येईनात. साक्षीची, म्हणजे उभं राहून आपला अनुभव सांगायची, वेळ येते उपदेशानंतर, आणि उपदेश संपेपर्यंत भोंगा कधी थांबलाच नाही. पाच रविवार ती येऊन बसली आणि पाचही रविवार मी चौदा नंबर लावला.

सहाव्या रविवारी मुलीला माझ्या हातात देताना ती म्हणाली, “काकू, पुढच्या आठवड्यापासून सहा महिने माझी रविवारची दिवसपाळी आहे. आज काय ते.”

“होईल,” मी म्हटलं.

“आणि आजही उठावं लागलं ना, तर मी नंतरही यायची नाही. मी उठले की सगळे वळून बघतात. मला वाटतं देवच म्हणतोय, बाई, नको मला तुझे आभार.”

“देव असलं काही बोलत नाही. तो नंबर मी लावते,” मी म्हटलं. तेवढ्यावर ती हसली आणि गेली.

त्या दिवशी खोलीत आणखी एक जण होता, माझा नवरा. तो प्लंबर आहे. आमच्या खोलीतलं बेसिन खालून गळत होतं आणि बाळांची दुपटी भिजत होती, म्हणून मी महिनाभर त्याच्या मागे लागले होते. सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस चर्चमध्ये आला तो लग्नाच्या दिवशी, आणि तेव्हाही छताकडे बघून मला म्हणाला, तो पाइप चुकीच्या उताराने बसवलाय. नवरी उभी होती हो शेजारी. देवाशी त्याचं भांडण नाही, म्हणतो, पण गर्दीशी आहे. बायका मला विचारतात, तुमचे मिस्टर दिसत नाहीत, तेव्हा मी विषय बदलते. त्यात मी तरबेज झाले आहे.

आलाच होता तर जरा लवकर यावं, पण नाही. आला उपासना सुरू व्हायच्या वेळी, कॉक बंद केला, बेसिनखाली आडवा झाला, आणि त्याचे फक्त दोन पाय आणि पोट बाहेर राहिलं. वहिनी माझ्याकडे बघून हसल्या. मी भिजलेली दुपटी वाळत घातली.

पहिलं गीत संपायच्या आत भोंगा वाजला. वहिनींनी तिला खांद्यावर घेतलं, झुलवलं, खिडकी दाखवली, खुळखुळा वाजवला. मी घेतलं, पाठ थोपटली, आमच्या शाळेतल्या मांजराची गोष्ट सांगितली. जितकं करावं तितकी ती ताठ होई आणि मान मागे टाकून रडे. बाकीची चार बाळंही रडू की नको अशा विचारात पडली. कान बघितला, ताप बघितला, लंगोट बघितला. दुखत काहीच नव्हतं. भिंतीवरच्या स्पीकरमधून पाळकसाहेबांची प्रार्थना येत होती आणि तिचा एक शब्द कळत नव्हता.

नऊ मिनिटं झाली. वहिनींनी तिला चटईवर खाली ठेवलं, कारण त्यांचे हात भरून आले होते. मी डबीपाशी गेले. दहा. मी एक दाबला, चार दाबला. हिरव्या बटणावर बोट ठेवलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ती बाई उठताना दिसली.

तेवढ्यात बेसिनखालून हात बाहेर आला. “पाना दे.”

हे त्याचं नेहमीचं. घरी मी, बाहेर जो कोण मदतनीस असेल तो, कुणाचंही तोंड न बघता नुसता हात पुढे. मी ओरडणारच होते की इथे काय चाललंय आणि तुम्हाला पाना सुचतोय. पण भोंग्याचा आवाज मध्येच तुटला. ती त्या हाताकडे बघत होती. काळपट, भेगाळलेला, उघडा पंजा. तिने हुंदका गिळला, रांगत गेली आणि शेजारी पडलेलं ओलं फडकं त्या पंजात ठेवलं.

फडकं आत गेलं. क्षणभराने बाहेर आलं. “हे फडकं आहे. मी पाना मागितला,” आतून आवाज आला, अगदी तसाच, वैतागलेला, जसा तो मला म्हणतो.

भोंगा हसला. अश्रू गालावर तसेच, आणि खळी पडली.

मी घड्याळ बघितलं. बारावं मिनिट चालू होतं. मी बोट काढून घेतलं आणि नंबर पुसला. नियम मोडला तो मीच मोडला, हे इथे सरळ सांगून टाकते.

पुढे काय झालं तर काहीच झालं नाही. हात बाहेर येई, पाना मागे, फडकं मिळे, फडक्याला नावं ठेवली जात, फडकं परत. त्याने तिला एकदाही सोनू म्हटलं नाही की छकुली म्हटलं नाही. आम्ही दोघी सकाळपासून तिच्या तोंडासमोर तोंड नेत होतो आणि हा गडी तिच्याकडे बघतही नव्हता. नुसतं काम सांगत होता. पंधरा-वीस मिनिटांनी मी वाकून बघितलं. वायसर बदलून झाला होता, हत्यारं पिशवीत गेली होती आणि तो ओल्या फरशीवर तसाच पडून होता.

“झालं ना काम? उठा की,” मी हळूच म्हटलं.

“मघाशी उठायला कोपर टेकलं तर हिचा ओठ वाकडा झाला. राहू दे.”

“अहो, कंबर धरेल तुमची.”

“धरू दे. फडकं कुठं गेलं गं चौदा नंबर?”

या माणसाला डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी गार फरशीवर बसू नका असं बजावलेलं आहे. मी चादरीची घडी करून त्याच्या कमरेखाली सरकवली. बोलले काही नाही. बोलायला गेले असते तर वहिनींसमोर रडले असते, आणि मी त्या खोलीत कधी रडत नाही, तिथे रडायला दुसरे असतात.

मग उपदेश संपला. स्पीकरमध्ये जरा खरखर झाली आणि सिस्टरचा आवाज आला. “माझं नाव तुम्हाला माहीत आहे...”

याचा विचार मी केलाच नव्हता. भोंगा जागच्या जागी थिजला. आईचा आवाज आहे आणि आई नाही. तिने दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, हनुवटी थरथरायला लागली. मी झेप घेतली स्पीकर बंद करायला.

“बंद करू नको,” बेसिनखालून आवाज आला. मग जरा खालच्या आवाजात, तिच्यासाठी, “तुझी आई बोलतेय. आपण ऐकू.”

त्याने हात पुढे केला, या वेळी काही न मागता. ती त्याच्या पोटावर चढली, शर्ट दोन्ही मुठींत धरला आणि वर स्पीकरकडे बघत बसली.

“मी खूप काही ठरवून आले होते,” सिस्टर म्हणत होती. “पण आत्तापर्यंत मी उपदेशातलं काही ऐकलेलं नाही. मी फक्त त्या फलकाकडे बघत होते. तो काळाच राहिला. देवा, तू मला उठवलंस, आणि आज उभं राहू दिलंस. माझी मुलगी पलीकडच्या खोलीत आहे आणि ती रडत नाहीये. मला एवढंच म्हणायचं होतं. मी जिवंत आहे. तुझे आभार.”

सगळी मंडळी “आमेन” म्हणाली. बेसिनखालूनही आलं, घसा खाकरल्यासारखं. मी ऐकलं. वहिनींनीही ऐकलं, मी नंतर खात्री करून घेतली.

उपासना सुटल्यावर ती धावतच आली. दारात थांबली. तिची मुलगी एका अनोळखी माणसाच्या पोटावर गाढ झोपली होती आणि तो माणूस अर्धा बेसिनखाली होता. मी तिच्या हातातला चौदा नंबर बघितला, पाठीवरच्या नंबराशी ताडला आणि मगच मुलीला उचलून तिच्याकडे दिलं. आज एकदा मोडला म्हणून नियम रोज मोडायचा नसतो.

नवऱ्याला काही उठता येईना. शेवटी एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने, कडेवर मुलगी घेऊन, तिने असं त्याला ओढून काढलं. त्याची पाठ सगळी भिजलेली.

“काका, फारच मोठं काम होतं का हो?” तिने विचारलं.

“छे. वायसर तर बदलायचा,” तो म्हणाला आणि पिशवी शोधायला लागला.

दारात एव्हाना पाच-सहा बायका आपापली बाळं घ्यायला उभ्या होत्या. सिस्टरने माझ्याकडे बघितलं, त्याच्या ओल्या पाठीकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. तिला सगळं कळलं होतं. फक्त हा कोण, ते कळलं नव्हतं.

मी त्याचा दंड धरला, सगळ्यांना दिसेल असा.

“हे माझे मिस्टर,” मी म्हटलं.