भिशीवर विक्रीकर

तळ्याकाठच्या सारी-ओरुक गावात कुणी न सांगता कर भरायला जाणारी माणसं दोनच. एक निवृत्त पोस्टमास्तर, कारण त्याला दुसरं काही काम नव्हतं. आणि दुसरी कनिशाय, जिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ती जर्मनीतल्या एका कंपनीकडून सर्व्हरवरची जागा ठोक भावात घ्यायची, तिचे लहान लहान तुकडे करायची आणि तळ्याकाठच्या पाहुणेघरांना, युर्टच्या, म्हणजे गोल तंबूंच्या, तळांना, लोकरीचे नमदे बनवणाऱ्या बायकांना वर्षाच्या बोलीने विकायची. अशा त्र्याऐंशी वेबसाइट तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून चालत. प्रत्येक बिलावर विक्रीकर; आणि जर्मनांचं भाडं, वीज, इंटरनेट वजा जाता जे उरेल त्यावर प्राप्तिकर. सहा वर्षांत एकही तारीख चुकली नव्हती.

गावाने यासाठी तिला वेड्यातच काढलं होतं. "अगं, साइट हवेत असते," दीर म्हणायचा. "हवेवर कुणी कर भरतं का? उद्या थंडी वाजली म्हणून भरशील!"

"हवा तू फुकट देतोस, म्हणून तुला भरावा लागत नाही," ती म्हणायची आणि पावती फायलीला लावायची.

अशी बाई करखात्याच्या तावडीत सापडली, तीही मे महिन्यात, हंगाम तोंडावर आलेला असताना. आता हसावं की रडावं, तुम्हीच सांगा. त्यात चूक तिचीच होती, हेही सांगून टाकतो. शाळेतल्या मैत्रिणी आणि शेजारणी मिळून बारा जणींची भिशी होती. दर महिन्याला एकीच्या घरी जेवण, बाकीच्या प्रत्येकी दहा हजार सोम द्यायच्या, आणि एक लाख दहा हजारांची गड्डी सगळ्यांच्या देखत त्या महिन्याच्या यजमानिणीच्या हातात पडायची. पैसे गोळा करण्याचं काम कनिशायकडे, कारण फोनमधलं तिला कळतं. आणि या हिशेबी बाईने भिशीसाठी धंद्याचाच क्यूआर वापरला. एक हाताशी असताना दुसरा कशाला, असं त्या वेळी तिला वाटलं होतं.

बेकतुर नावाचा नवा निरीक्षक नारिनहून बदलून आला होता. वय एकोणतीस, टाय जरा वाकडा, बोलणं अदबीचं, मोठ्या बाईला 'एजे', म्हणजे ताई, म्हणणारं. त्याने तिला बोलावून घेतलं आणि कागद पुढे सरकवला.

"कनिशाय एजे, मागच्या वर्षी तुम्ही जेवढी विक्री दाखवलीत, त्याच्या दुप्पट रक्कम तुमच्या क्यूआरवर आली आहे."

तिने कागदावरची नावं पाहिली आणि तिला हसू फुटलं. "ही तर आमची भिशी आहे!"

"त्याच त्या अकरा जणी, आणि प्रत्येक वेळी बरोबर दहा हजार. इतक्या नियमाने पैसे कोण भरतं, एजे? गिऱ्हाईक."

"माझी गिऱ्हाइकं एवढी वेळेवर पैसे भरत असती, तर मी आत्ता बिश्केकमध्ये बंगला बांधला असता!"

बेकतुर हसला नाही. मग तिने त्याच्याच संगणकावर एकेक नाव शोधायला लावलं. गिऱ्हाईक असेल तर साइट हवी. साइट काही पलंगाखाली लपवता येत नाही, ती साऱ्या जगाला दिसते. दाखव यांच्या साइट! अर्ध्या तासात एकही सापडली नाही.

"हे मला पटतं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच पटलेलं दिसत होतं. "पण पैसे आलेले दिसतात, गेलेले दिसत नाहीत. दर महिन्याला तुम्ही रोख काढलेत. ते कुणाला दिलेत? पावती आहे?"

भिशीत पावती मागणं म्हणजे मैत्रिणीला चोर म्हणणं.

शेवटी त्याने मार्ग काढून दिला. अकरा जणींनी स्वतः येऊन लिहून द्यायचं: नाव, महिना, रक्कम. तीन रकाने आणि खाली सही; बारावा महिना तिचा स्वतःचा. एकही महिना रिकामा राहिला तर सगळीच कहाणी संशयास्पद ठरेल, आणि फाइल आहे तशी वर जाईल. मुदत शुक्रवारी तीनपर्यंत. त्यानंतर बँकेला पत्र जाऊन खातं गोठणार होतं. आणि शनिवारी सकाळी जर्मनांचं वर्षाचं भाडं त्याच खात्यातून कापलं जाणार होतं. ते अडलं तर त्र्याऐंशी साइट बंद. लोक उन्हाळ्याच्या खोल्या आरक्षित करतात नेमक्या त्याच आठवड्यात. पैशाचं दुःख होतंच, पण ज्या कागदांच्या जिवावर ती सहा वर्षं ताठ मानेने चालली, तेच कागद आता तिला लबाड म्हणत होते, आणि हे तिला मुळीच सोसवेना.

घरी येऊन तिने भिशीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. अकराही जणींनी वाचलं. एकीनेही उत्तर दिलं नाही. भिशीचे पैसे म्हणजे बायकांचा आतला कप्पा. तो सरकारी खिडकीत उघडायचा म्हणजे काय! अखेर उपेलकान एजेचा आवाजी संदेश आला. शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलेली बाई ती.

"मुलींनो, निळ्या खुणा मला दिसतात हं. कनिशायने तुमचा एक सोम इकडचा तिकडे केलाय का? नाही ना? मग शुक्रवारी एक वाजता सगळ्या हजर. उशिरा येईल ती खिडकीपाशी उभी राहील."

मग धडाधड होकार आले, एक सोडून. नोव्हेंबरचा महिना असिलकान एजेचा होता. संध्याकाळी ती स्वतःच कनिशायच्या दारात आली, पण आत येईना.

"करकचेरीत तीन नंबरच्या खिडकीत माझ्या नवऱ्याचा पुतण्या बसतो," ती म्हणाली. "मी सही केली की संध्याकाळी घरी प्रश्न येणार, लाखभर सोम गेले कुठे. मी त्यांना सांगितलंय की मागच्या वर्षी माझा नंबरच लागला नाही."

कुठे गेले ते कनिशायने विचारलं नाही. आग्रह करावा असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण साठीची बाई दारात उभी राहून पदराशी चाळा करावा तशी पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होती, आणि ते तिला बघवलं नाही.

"नका येऊ, एजे," ती म्हणाली. "मी बघते काहीतरी."

बघण्यासारखं काही नव्हतं. ती टेबलाशी बसली आणि पाहुणेघरांना संदेश लिहू लागली, की शनिवारपासून तुमची साइट कदाचित बंद राहील. त्र्याऐंशी संदेश तिने लिहून तयार ठेवले.

शुक्रवारी करकचेरीत एवढ्या बायका एकदम कधी आल्या नसतील. कुणी कणकेचे बोरसोक तळून आणले होते, कुणी थर्मासभर चहा. शिपाई म्हणाला, इथे खायला मनाई आहे. त्याच्या हातात दोन बोरसोक ठेवल्यावर ती मनाई उठली. प्रत्येक बाई समोर आली की बेकतुर उठून उभा राहायचा, आणि दहाव्या वेळेपर्यंत बिचाऱ्याचे गुडघे बोलू लागले.

"बालाम, लेकरा, तू बस," उपेलकान एजे म्हणाली. "आणि आधी तो टाय सरळ कर. माझी सही वाकड्या टायपुढे होत नाही."

सव्वादोनला दहा सह्या झाल्या. बेकतुरने कागद लावून पाहिले. "नोव्हेंबर?"

"नोव्हेंबर येणार नाही," कनिशाय म्हणाली. "मीच नको म्हटलं."

"तू नको म्हटलंस?" उपेलकान एजे कडाडली. "मग आम्ही काय इथे सहल काढली?"

"तिचं घर मोडून मला माझ्या साइट वाचवायच्या नाहीत, एजे."

बेकतुरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग कागदांकडे, आणि कनिशायने फोन काढून त्या तयार संदेशांवर बोट नेलं.

तीनला वीस मिनिटं असताना दार उघडलं. असिलकान एजे होती. ती बेकतुरकडे न जाता सरळ तीन नंबरच्या खिडकीपाशी गेली.

"झानिबेक, बाळा, ऊठ. माझ्याबरोबर चल. तू आत्ताच नीट ऐकून घेतलंस म्हणजे घरी मला दोनदा सांगायला नको."

पुतण्या भांबावून तिच्यामागे आला. तिने बेकतुरच्या समोर बसून तिन्ही रकाने भरले. नाव, नोव्हेंबर, एक लाख दहा हजार. सही केली. मग म्हणाली, "खाली जागा आहे. खर्च कशावर झाला तेही लिहिते."

"त्याची गरज नाही, एजे," बेकतुर हळूच म्हणाला. "कायद्याला तेवढंच पुरतं."

"कायद्याला पुरत असेल, मला पुरत नाही." आणि लिहिता लिहिता ती मोठ्याने वाचू लागली. "माझी मुलगी आयपेरी. नवरा मारायचा म्हणून निघून आली. दिली ती मेली, असं म्हणून बापाने दार लावलं. त्या पैशातून मी तिला बिश्केकमध्ये सहा महिन्यांची खोली घेऊन दिली आणि शिवणयंत्र घेऊन दिलं. आज ती स्वतःचं भाडं स्वतः भरते. मी खोटं बोलले ते नवऱ्याशी. सरकारशी नाही, कनिशायशी नाही."

झानिबेक जमिनीकडे बघत होता. उपेलकान एजेने चष्मा काढला आणि पुसला, आणि तो बराच वेळ पुसत राहिली.

बेकतुरने भिशीच्या रकमा एकेक करून वजा केल्या. उरलेली बेरीज त्याने कनिशायच्या विवरणपत्राशी ताडून पाहिली, आणि पुन्हा एकदा पाहिली.

"एका सोमचा फरक नाही," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्याने ते मुद्दाम मोठ्याने म्हटलं. "विक्रीकर पूर्ण, प्राप्तिकर पूर्ण. तुमच्याकडून काही येणं नाही, एजे. फक्त भिशीला दुसरा क्यूआर करा, पाया पडतो." आणि त्याने शिक्का असा हाणला की टेबलावरचा चहा हिंदकळला.

बायकांनी जो काही कल्ला केला, तो रस्त्यापर्यंत गेला. रांगेतली अनोळखी माणसंसुद्धा टाळ्या वाजवू लागली, कशासाठी ते माहीत नसताना. कनिशायला आनंदाने रडू कोसळलं. तशाच ओल्या डोळ्यांनी तिने ते त्र्याऐंशी संदेश पुसून टाकले आणि जर्मनांचं भाडं तिथेच, एक दिवस आधी, भरून टाकलं. मग ती असिलकान एजेच्या गळ्यात पडली.

तेवढ्यात असिलकान एजेचा फोन वाजला. झानिबेकने घाईने आपला फोन खिशात सारला. बातमी घरी पोचली होती. तिने पडद्यावरचं नवऱ्याचं नाव पाहिलं, खुर्चीत नीट सावरून बसली आणि फोन घेतला.

"हो, खरं आहे. एक लाख दहा हजार. सरकारी कागदावर लिहून दिलंय, शिक्का बसलाय, आता खोडता येत नाही... ओरडू नका, इथे लोक आहेत. आणि ऐका, रविवारी आयपेरी घरी येतेय. मी तिला दिवसाच्या गाडीने बोलावणार आहे. दार तुम्ही उघडायचं."

पलीकडचं ओरडणं थांबलं होतं. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि मैत्रिणींकडे वळली.

"बघताय काय? चला, मला भूक लागलीय."