रॅम्पचं उद्घाटन

तिला सगळे 'तोफ' म्हणत. व्हीलचेअरवर बसून ती गोळाफेकीचा सराव करी आणि स्पर्धेच्या खुर्चीवरून गोळा असा भिरकावी की अंतर मोजणारे आधीच मागे सरकत. पदकं मिळाली, फोटो छापून आले, पण क्रीडासंकुलाच्या व्यायामशाळेत शिरायचं तर मागच्या दारानं, कचऱ्याचे डबे चुकवत. पुढच्या दाराला पायऱ्या होत्या.

त्या पायऱ्यांपायी तिनं अर्ज केले, सभा गाजवल्या, एकदा तर आपल्यासारख्याच चौघीजणींना घेऊन दारातच ठाण मांडलं. संचालकसाहेब म्हणाले, "अहो, आमची माणसं तुम्हाला अलगद उचलून नेतील की!"

"मी काय कपाट आहे?" तोफ कडाडली.

अखेर रॅम्प झाला. उद्घाटनाला बँड आला, पुष्पगुच्छ आले. तोफेनं रॅम्पकडे पाहिलं आणि ती थोरल्या बहिणीला म्हणाली, "ताई, हा रॅम्प आहे की घसरगुंडी?"

"आज तरी तोंड आवर गं!"

पण गप्प बसली तर ती तोफ कसली! "साहेब, चढण फार उभी आहे. मी चढेन कशीबशी. बाकीच्यांनी काय करायचं?"

साहेबांच्या हे जिव्हारी लागलं. "इच्छा हवी, बाई, इच्छा! थांबा, मीच दाखवतो चढून."

तोफेनं मोठ्या आनंदानं व्हीलचेअर देऊ केली आणि ताईचा हात धरून ती रॅम्पच्या पायथ्याच्या साध्या खुर्चीवर सरकली. बँड सुरू झाला. साहेब घामाघूम होत अर्ध्यापर्यंत पोचलेही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी टाळ्यांचा स्वीकार करायला दोन्ही हात वर केले, आणि तिथंच घात झाला.

"अगं आई गं!"

व्हीलचेअर मागच्या मागे सुटली. बँडवाले वाद्यं टाकून पळाले. तोफेनं मात्र बसल्या जागेवरून हात लांबवला आणि खुर्ची मागच्या दांडीला धरून गपकन थांबवली. साहेबांचा चष्मा तेवढा कपाळावर चढला.

तोफेला हसू फुटणार होतं. पण साहेबांनी दोन्ही चाकं गच्च आवळून धरली होती. व्हीलचेअरवरच्या पहिल्या दिवसांत आपणही अशीच आवळायचो, हे तिला आठवलं. तिनं हसू गिळलं.

"लागलं नाही ना, साहेब?"

"नाही. पण सोडू नका हं!"

"नाही सोडत. रॅम्पचं काय करायचं?"

"तोडू! उद्याच तोडू! आधी मला उतरवा."

नवा रॅम्प लांबलचक झाला, मध्ये वळण घेऊन. बांधण्याआधी तोफेनं आणि तिच्या मैत्रिणींनी फळ्या टाकून चढण तपासली होती. पहिल्याच सकाळी त्यावरून कुणी बाळाची गाडी ढकलत होतं, कुणी पाण्याच्या जारचा गाडा. तोफ पुढच्या दारानं आत शिरली. रखवालदार फोनवर बोलत होता. त्यानं मानही वर केली नाही.

ताईचा पारा चढला. "एवढी भांडलीस, अन् कुणी ढुंकूनही बघत नाही!"

"बरंय की," तोफ चाकं रेटत म्हणाली. "चल लवकर, उशीर झाला तर कोच ओरडतील."