पुसलेले ओरखडे

मी एक जुना सांधा आहे, मित्रांनो. माणसाचा खुबा झिजला की तिथे वाटीत बसवतात, तो धातूचा गोळा. हल्ली एका वकिलांच्या टेबलावर काचेच्या बरणीत असतो आणि नव्या नळासारखा चकाकतो. त्या चकाकीचं नाव काढलं तरी माझा जीव जळतो.

कारखान्यात माझे लाड काही कमी झाले नाहीत. हातमोजे घातल्याशिवाय कोणी मला शिवत नसे. माझ्या खोक्यावर छापलं होतं, 'आयुष्यभराची साथ.' मी वाटीत नीट फिरत नाही, घासतो, हे तपासणीतच दिसलं होतं. पण साहेब म्हणाले, "चालतंय, जाऊ दे." आणि मी गेलो.

गेलो तो एका शिंपीणबाईंच्या खुब्यात. त्यांचा नवरा धातूच्या वस्तूंना पॉलिश करायचा. दाराच्या कड्या, समया, दिवे, जे येईल ते त्याच्या फिरत्या चाकावर उजळून निघायचं. काळवंडलेला धातू दिसला की त्याला चैन पडत नसे. बाई काम बघून म्हणायच्या, "तुमच्या हातात सफाई आहे हो." तेवढ्यावर गडी दिवसभर खूश.

सुरुवातीला बाई शेजारणींना माझं कौतुक सांगत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्या पुन्हा पायाने शिलाई मशीन चालवू लागल्या. पण प्रत्येक पावलाला मी घासत होतो आणि माझा चुरा त्यांच्या मांसात उतरत होता. शेवटी त्यांना उठवेना की बसवेना. दुसरं ऑपरेशन करून मला बाहेर काढलं, तेव्हा मी काळा पडलो होतो आणि अंगभर ओरखडे होते. बाईंनी मला मागून घेतलं आणि बरणीत घालून घरी ठेवलं.

कंपनीचा माणूस घरी येऊन म्हणाला, "वस्तूत दोष नाही. बाईंनीच पाय फार चालवला." हे बाईंना दुखण्यापेक्षा जास्त लागलं. त्या वकिलांकडे जाऊन म्हणाल्या, "माझी चूक नव्हती, एवढं कोर्टाने म्हणावं. मला बाकी काही नको."

वकिलांनी समजावून सांगितलं, "कंपनीवर दावा लावता येतो. धोका माहीत असून रुग्णालयाने लपवला असेल, तर त्यालाही जाब विचारता येतो. सरकारी खात्याकडे तक्रार वेगळी करू. पण आपला मोठा पुरावा हा गोळा. कंपनी तपासायला मागेल, देऊ नका. जसा आहे तसा ठेवा."

कंपनीचा माणूस मला मागायला पुन्हा आला, गोड बोलला. नवऱ्याने त्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

कोर्टाच्या तारखेच्या सकाळी त्याने माझी बरणी उघडली आणि तोंड वाकडं केलं. "असली मळकी वस्तू कोर्टात न्यायची? लोक म्हणतील, पॉलिशवाल्याच्या घरची ही." जसा आहे तसा ठेवायचा म्हणजे हरवायचा नाही, फोडायचा नाही, इतकंच त्याला कळलं होतं. त्याने मला चाकावर धरलं, अगदी जीव लावून. मला तोंड असतं तर मी गल्ली जागी केली असती. बाई आत कपडे बदलत होत्या.

कोर्टात तज्ज्ञांनी मला भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिलं. "यावर पॉलिश झालंय. आधी किती झीज होती, आता सांगता येणार नाही." कंपनीचे वकील हसले. "आमची वस्तू तर नव्यासारखी आहे." दोष सिद्ध झाला नाही. दावा फेटाळला गेला.

बाहेर पायऱ्यांवर नवऱ्याला मान वर करवेना. बाई काठी टेकत त्याच्याजवळ आल्या. मला हातात घेऊन चहूबाजूंनी बघत म्हणाल्या, "तुमच्या हातात सफाई आहे हो. एक ओरखडा ठेवला नाहीत." मग मला वकिलांच्या हातात दिलं. "घरी नको," एवढंच म्हणाल्या.

आता असाच कोणी नवा रुग्ण सल्ल्याला आला की वकील मला दाखवतात. मित्रांनो, अंगातून काढलेली वस्तू असो, नाहीतर बाधलेल्या औषधाच्या उरलेल्या गोळ्या, त्या खोक्यासकट जपा. धुऊ नका, पुसू नका, आणि ज्यांनी बनवल्या त्यांच्या हाती तर मुळीच देऊ नका. माझ्यासोबत कारखान्यात घडवलेले माझे भाऊ अजून कोणाकोणाच्या खुब्यात घासत आहेत. ते बाहेर येतील तेव्हा त्यांना मळकंच राहू द्या.