वेरोनाला, एकटीनं

"आणि गाडी चुकली तर?" एर्मेसनं विचारलं.

"तर पुढची. तासाभरात असतेच."

"आणि पुढचीही चुकली तर?"

"तर तिच्या पुढची. अरे, वेरोनाला चाललेय मी, चंद्रावर नाही. पाऊण तासाचा तर रस्ता."

देल्फिना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्मा लावून बसली होती. पुढ्यात चौकडीच्या वहीतला एक कागद, आणि त्यावर गोल, शाळकरी अक्षरात उद्याचा अख्खा मंगळवार मांडलेला. सकाळची गाडी, स्टेशनपासून चालत जुनं रोमन अँफिथिएटर, मग चौकातला बाजार, मग मनोरा. मनोऱ्यापुढे 'जिन्यानं' असं लिहून तिनं खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

तिच्या नवऱ्याचं, एर्मेसचं बोट त्या रेघांवर येऊन थांबलं. "लिफ्ट आहे की तिथे."

"मला सांगतोस? अठ्ठावीस वर्षं त्या लिफ्टच्या दाराशी बसलेय मी."

ते खरंच होतं. मांतोवातल्या एका प्राथमिक शाळेत देल्फिना मावशी म्हणून कामाला होती. फरशा पुसायच्या, घंटा द्यायची, पडलेल्या पोरांचे गुडघे धुवायचे. दर वसंतात चौथीची सहल वेरोनाला जायची आणि शिक्षकांबरोबर देल्फिनाही जायची. मनोऱ्याशी पोचलं की बाई आणि पोरं वर, देल्फिना खाली. बसमध्ये ओकलेली, उंचीला घाबरणारी पोरं आणि सगळ्यांच्या जाकिटांचा, पिशव्यांचा ढीग तिच्या हवाली. तासाभरानं पोरं लालबुंद चेहऱ्यांनी खाली यायची. "मावशी, वरून नदी दिसते! सगळी दिसते!"

"हो का? नाक पूस आधी," देल्फिना म्हणायची.

जूनमध्ये ती निवृत्त झाली. फुलं मिळाली, भाषण झालं, सगळे रडले. सप्टेंबरात शाळा उघडली तेव्हा पहिल्यांदाच तिच्याशिवाय घंटा वाजली. त्याच संध्याकाळी तिनं वहीतून कागद फाडला.

"मी नेतो ना आपल्या गाडीनं," एर्मेस म्हणाला. जन्मभर त्यानं ट्रॅक्टर दुरुस्त केले होते. चाकं असलेली कुठलीही गोष्ट आपल्याशिवाय हलू नये असं त्याला मनापासून वाटे.

"तू आलास की गाडी कुठे लावायची यातच दुपार होईल. मग तुला भूक लागेल. मग तुझी कंबर धरेल. मग आपण घरी."

"चाळीस वर्षांत आपण कधी वेगवेगळे कुठे गेलोय?"

"गेलोयच कुठे आपण?"

एर्मेस उठला आणि उगाचच नळ घट्ट पिळून आला.

सकाळीही तो फुगलेलाच होता. पण देल्फिना निघाली तेव्हा पिशवी जरा जड लागली. आत रुमालात बांधलेले बदामाच्या खुसखुशीत केकचे तुकडे होते. तिनं मागे वळून पाहिलं, तर एर्मेस पाठमोरा होऊन कुंड्यांना पाणी घालत होता.

समोरच्या गच्चीतून शेजारीण झाइरा ओरडली, "देल्फिना! पिशवी घेऊन एकटीच? भांडण झालं की काय?"

"भांडण नाही गं, सहल!"

"नवऱ्याविना? मग मलाही ने की!"

गाडीत बसल्याबसल्या देल्फिनानं सवयीनं डोकी मोजली. एकोणीस. मग तिचं तिलाच हसू आलं. आज यातलं एकही डोकं तिचं नव्हतं. हरवायचं त्यानं खुशाल हरवावं!

वेरोनात कागदावरच्या बेताची वाट लागायला अर्धा तासही लागला नाही. अँफिथिएटरसमोर ती कॉफी प्यायला म्हणून बसली आणि उन्हात तासभर बसूनच राहिली. कुणी 'मावशी, शू' म्हणालं नाही. बाजारात तिनं तीन टोप्या घालून पाहिल्या, एकही घेतली नाही आणि विकणारीशी मात्र जन्माची ओळख असल्यासारख्या गप्पा मारल्या.

मनोऱ्याच्या तिकीट खिडकीतल्या तरुणीनं तिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "लिफ्टनं ना?"

"जिन्यानं."

"साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत, बाई."

"पोरांनी सांगितलंय मला. दर वर्षी तीनतीनदा."

पहिल्या शंभर पायऱ्या गमतीत गेल्या. पुढच्या शंभरांत गुडघे बोलायला लागले. ती कठडा धरून दम खात एक वळण चढली, तर समोर पायरीवर एक माणूस बसलेला. पन्नाशीचा, कपाटासारखा रुंद. कपाळावर घाम, कठड्यावरची बोटं पांढरी पडलेली.

"बरं वाटत नाही का?" देल्फिनानं विचारलं.

"बायको पुढे गेली. मला खाली बघवत नाही आणि वरही बघवत नाही." त्यानं कठडा आणखी घट्ट धरला. "ती येईपर्यंत जरा बसाल का माझ्यापाशी? पाचच मिनिटं."

देल्फिनाचे गुडघे आपोआप वाकलेसुद्धा. अठ्ठावीस वर्षांची सवय! पिशवी खांद्यावरून उतरली, हात त्याच्या पाठीवर ठेवायला पुढे झाला. आता बसलं की पाय आखडणार आणि मग वर काही जाणं होत नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. क्षणभर ती तशीच अर्धवट वाकून उभी राहिली. मग ताठ झाली.

"नाव काय तुझं?" शाळेतल्या आवाजात तिनं विचारलं.

"ऑत्तावियो."

"हे बघ, ऑत्तावियो. मी बसणार नाही. माझं बसून झालंय. तू तोंड भिंतीकडे कर. भिंत कुठे पळत नाही. आणि हे धर."

"काय आहे?"

"माझी पिशवी. दोन्ही हातांनी धर. मी येईपर्यंत सोडायची नाही. आत केक आहे, एक तुकडा खाल्लास तरी चालेल."

त्या भल्याथोरल्या माणसानं निमूटपणे पिशवी छातीशी धरली. देल्फिना वर निघाली. खांदा इतका हलका झाला होता की एका वळणावर तिचा तोल जाता जाता राहिला.

वर वारा होता. आणि नदी होती, सगळी. लाल कौलांच्या भोवती नदीनं ऐसपैस वळण घेतलं होतं, पलीकडे टेकडीवर काळीभोर सुरूची झाडं उभी होती. दक्षिणेला सपाट मुलूख धुरकट होत गेलेला. तिथेच कुठेतरी मांतोवा, शाळा आणि कुंड्यांना पाणी घालणारा एर्मेस. देल्फिना एकटीच मोठ्यानं हसली.

एका परदेशी जोडप्यानं खुणेनं विचारलं म्हणून तिनं त्यांचा फोटो काढला. मग त्या बाईनं देल्फिनाचा फोन मागून घेतला आणि तिला कठड्याशी उभं केलं. आता हात कुठे ठेवायचे? जाकिटं नाहीत, पिशवी नाही, कुणाचं चिमुकलं बोट नाही. तिनं ते पाठीमागे नेले, पुढे आणले, खिशात घालून पाहिले. तेवढ्यात वाऱ्यानं सगळे केस उधळले, दोन्ही हात डोक्याकडे गेले आणि फोटो निघाला.

उतरताना ऑत्तावियो जागेवर नव्हता. तो अकरा पायऱ्या वर सरकला होता, भिंतीला खेटून, पिशवीला मिठी मारून. शेजारी त्याची बायको हसून हसून बेजार झालेली.

"अकरा चढलो," तो म्हणाला.

"शाबास. आणि तुकडे किती खाल्लेस?"

"...तीन."

ठरलेली गाडी चुकली. पुढची मिळाली. मांतोवाच्या फलाटावर एर्मेस उभा होता. "सहज इकडून चाललो होतो," तो म्हणाला. त्याच्या हातातलं वर्तमानपत्र मागच्या पानापर्यंत वाचून झालं होतं.

जेवण त्यानंच केलं होतं. भोपळ्याचं सारण भरलेल्या पास्त्याच्या तोर्तेल्ली अर्ध्याअधिक पाण्यातच फुटल्या होत्या. तरी देल्फिनानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"मग? काय दिसतं वरून?" तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं.

ती सांगायला लागली. कौलं म्हणाली, नदी म्हणाली. शेवटी तिनं फोन काढून त्याच्यापुढे केला.

एर्मेसनं चष्मा शोधला. बराच वेळ बघितलं. केस उडालेले, दोन्ही हात वर, तोंड उघडं टाकून हसणारी एक बाई.

"कोणी काढला?"

"होती एक. नाव नाही विचारलं."

त्यानं फोन वाइनच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि पुन्हा जेवायला लागला. एक घास त्या देल्फिनाकडे बघून, एक या देल्फिनाकडे. फोनचा पडदा काळा झाला की काटा खाली ठेवायचा, बोट रुमालाला पुसायचं आणि हळूच टेकवून तो पुन्हा उजळायचा.